दोरा कशाचा होता?

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या पहाटे मी दार उघडले, तेव्हा ओट्याच्या कठड्यावर पुढचे दोन पाय टेकवून एक करडी बकरी माझे तोरण खात होती. बाजरीच्या कणसांचे ते तोरण गुंफायला मला चार संध्याकाळी लागल्या होत्या, आणि ते दाराच्या चौकटीपेक्षा हातभर लांब झाल्यामुळे कठड्याच्या दोन खांबांमध्ये झोळीसारखे बांधावे लागले होते. बकरीने माझ्याकडे पाहिले आणि चावणे मुळीच थांबवले नाही. माझ्या हातात केरसुणी होती, तरी ती उगारायला मला उशीर झाला, कारण त्या शांत पहाटे दाणे दाढेखाली फुटल्याचा जो करकर आवाज येत होता, तो ऐकत मी उगाच उभी राहिले. अखेर मी ओरडले. उरलेले लोंबते टोक ओढून घेऊन ती फाटकातून बाहेर पडली, आणि जाता जाता शेजारच्या फाटकावरच्या प्लॅस्टिकच्या झेंडूंपैकी एक तिने तोंडात धरला, दोनदा चावून पाहिला, सोडून दिला आणि निघून गेली. माझ्या मागे येऊन उभे राहिलेले यजमान मोठ्याने हसले आणि म्हणाले, "घे, परीक्षकांनी निकाल देऊन टाकला." मलाही हसू आले, पण त्यांच्याइतके नाही.

पुढे कित्येक दिवस ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही, आणि त्याचे कारण तोरण नव्हते.

त्याच सकाळी मी मायला फोन केला. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठाजवळ आमचे गाव आहे. माय ऐंशीची आहे, भावाकडे असते, आणि जळगावातल्या आमच्या घरी आली तर तिसऱ्या दिवशी परत जाण्याची पिशवी भरू लागते. मी तिला बकरीची गोष्ट रंगवून सांगितली, शेजारच्या झेंडूसकट. ती हसेल, किंवा निदान माझ्या चार संध्याकाळींबद्दल हळहळ दाखवील, अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारले, "पोट ते नही फुगनं ना तिनं?" पिकलेले धान्य एकदम जास्त पोटात गेले की जनावर फुगते, हे मलाही लहानपणापासून ठाऊक आहे, पण त्या क्षणी ते मला आठवलेच नव्हते. मी म्हटले, नाही, चांगली पळत गेली. मग थोडा वेळ फोनवर काहीच आवाज आला नाही, आणि नंतर तिने विचारले, "दोरा कसाना व्हता?"

"सोपटाचा," मी म्हणाले.

"मंग काई व्हत नही," असे म्हणून तिने विषय संपवला आणि करंज्यांकडे वळली.

दोरा सोपटाचा होता हे खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. तोरण गुंफले होते सोपटानेच, म्हणजे केळीच्या बुंध्याच्या वाळलेल्या सालीने, मात्र दोन्ही टोके खांबाला बांधताना सोपट दोनदा तुटले, दिवेलागणीची वेळ झाली होती, स्वयंपाकघरात तेल तापत होते, म्हणून मी कपाटातला नायलॉनचा पांढरा दोरा काढला आणि दोन्हीकडे वीत-वीतभर लावून टाकला. फोन ठेवल्यावर मी कठड्याजवळ जाऊन पाहिले. डावीकडचा दोरा खांबाला तसाच होता, गाठीत सोपटाचा एक धागा अडकलेला. उजवीकडच्या खांबावर काहीच नव्हते. मी ओटा झाडला, तुळशीची कुंडी हलवून पाहिली, फाटकापर्यंत आणि पुढे गटारीच्या कडेपर्यंत वाकून शोधले. पाडव्याच्या सकाळी नवी साडी नेसून रस्त्यावर वाकत चाललेल्या बाईला पाहून दोघी-तिघींनी काय हरवले म्हणून विचारले. कानातले, असे मी सांगितले. एका दोऱ्यापायी दिवस उजाडल्यापासून माझे ते दुसरे खोटे होते.

हे तोरण करण्याची हौस मला पन्नाशीनंतर सुचली, हेही सांगायला हवे. आमच्या गावाच्या शिवारात आता कपाशी आणि मका यांखेरीज फारसे काही दिसत नाही, त्यामुळे बाजरी मिळवणे हेच आधी एक काम झाले. भावाने कोणाच्या तरी बांधालगतच्या दोन ओळींमधून पेंढीभर कणसे हातभर दांड्यासकट कापून आणली आणि एसटीत ठेवताना वाहकाशी वाद घातला. ती कणसे कोरडी असताना वळवली तर दांडा कटकन मोडतो, म्हणून गोणपाट ओले करून त्यात ती गुंडाळून ठेवावी लागतात, आणि दुसऱ्या दिवशी तीन-तीन दांड्यांची वेणी घालत जावे लागते, प्रत्येक वळणाला एक नवे कणीस आत घेत, बायका अंबाड्यावरचा गजरा गुंफतात त्याच पद्धतीने. बाजरीची कूस मनगटाला लागून खाज सुटते. मध्ये मध्ये मी कपाशीची फुटलेली बोंडे बसवली होती, त्यांची वाळलेली टोके नखांसारखी टोचतात आणि दुसऱ्या दिवशी कणीक मळताना ती जागा झोंबते. या सगळ्याचा वास मात्र असा असतो, ओल्या गोणपाटाचा, कडब्याचा आणि किंचित आंबूस, की डोळे मिटून बसले तर मी खळ्यात आहे असे कोणालाही वाटावे. मी हे काम टीव्हीसमोर बसून करत होते, हा भाग वेगळा.

आमच्या गावच्या घराला धाबे, म्हणजे मातीचे सपाट छप्पर होते आणि पुढे मातीचा लांबलचक ओटा. सणाची शोभा म्हणजे आधी तो ओटा सारवणे, कारण सारवल्याशिवाय त्यावर काहीही मांडता येत नसे. शेण आणि माती पाण्यात कालवून माय उकिडवी बसून उजव्या तळव्याने अर्धवर्तुळे काढत मागे मागे सरकत जाई. ओटा वाळला की त्या अर्धवर्तुळांची माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसू लागे, आणि कडेने ती पांढऱ्या मातीचा बोटभर पट्टा ओढी. उन्हाळ्यात त्या ओट्याचा गारवा पायाला लागला की बरे वाटत असे, हे सगळेच सांगतात आणि ते खरे आहे. पण मायला सारवणे मनापासून आवडत नसे, हेही तितकेच खरे आहे. दिवाळीच्या आधी कापसाची वेचणी लागलेली असे, दिवसभर बोंडे वेचून बोटांची पेरे फाटलेली, आणि त्याच हातांनी रात्री कंदिलाच्या उजेडात शेण कालवायचे. एकदा ती सारवता सारवता म्हणाली होती की पुढच्या जन्मी फरशीच्या घरात दे म्हणून मी देवाला सांगून ठेवले आहे. भावाने घर बांधून ओट्याला फरशी बसवली, तेव्हा तिने तिच्यावरून अनवाणी तीन-चार फेऱ्या मारल्या. मातीच्या ओट्याबद्दल कोणी गहिवरून बोलू लागले की मला त्या फेऱ्या आठवतात आणि मी गप्प बसते.

तरी त्या ओट्यावर जे मांडले जाई, ते मात्र मला अजूनही एकेक करून दिसते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वैशाखाच्या उन्हाने पारा पंचेचाळिशीला टेकलेला असे, तेव्हा ओट्याच्या पुढच्या वळचणीला निंबाचे डहाळे खोचले जात, आणि आत गौराईभोवती सांजोऱ्यांची, कैऱ्यांची आणि भुईमुगाच्या शेंगांची माळ बांधली जाई. तिच्यातल्या सांजोऱ्या किती दिवस टिकायच्या हे घरातल्या मुलांच्या धीरावर अवलंबून असे, आणि आमच्या घरात तो फारसा नव्हता. भादव्याच्या पौर्णिमेला गुलाबाई, म्हणजे भुलाबाई, बसली की पुढचा महिनाभर ओटा आम्हा मुलींचा. संध्याकाळी डब्यातला खाऊ खुळखुळवून तो ओळखण्याची कसोटी चाले, आणि ज्या घरी केळीचे काप असत तिथे डबा वाजतच नसे, म्हणून त्या घरच्या मुलीवर आमचा राग असे. कोजागरीला गुलाबाईभोवती कणसांसकट ज्वारीच्या पाच हिरव्या धांड्यांचा मांडव उभा राही. दुसऱ्या दिवशी मूर्ती बोरीत जात, बोरीला पाणी नसले तर विहिरीत, आणि मांडव गोठ्यात जाई. आमच्या गायीला कोजागरीची वेळ आपोआप कळते अशी माझी लहानपणी समजूत होती, कारण त्या सकाळी ती दाव्याला ताण देऊन ओट्याकडे बघत उभी असे.

दसऱ्याला झेंडू आणि आंब्याची पाने, हे सगळीकडेच असते, त्याविषयी काय लिहायचे. मला पाडव्याचे गोकूळ जास्त आठवते. उंबऱ्याबाहेर माय शेणाची बोटभर माणसे करी, गवळणी, गवळी, त्यांची जनावरे, एक उखळ, एक जाते, आणि सगळ्यांभोवती शेणाचीच गढीसारखी भिंत. प्रत्येकीच्या डोक्यावर कुरडूचा गुलाबी तुरा किंवा कारल्याचे पिवळे फूल खोचलेले असे. ती माणसे करताना माय फार गंभीर असे आणि मध्येच एखादी गवळण जरा बिघडली की मोडून पुन्हा करी. सारवताना तिच्या चेहऱ्यावर जो कंटाळा दिसे, त्याचा इथे मागमूस नसायचा. मी एकदा विचारले होते की एवढे नीट कशाला करतेस, उद्या तर याच्या गोवऱ्या होणार. ती म्हणाली, उद्या होतीन ना, आज ते गवळणी शेतस, म्हणजे आज तर त्या गवळणी आहेत. त्या उत्तराचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, आणि आता पूर्ण कळला आहे असाही माझा दावा नाही.

आकाशकंदील हे वडिलांचे खाते. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि कोणत्याही कामातून अंकगणित काढण्याची त्यांना खोड होती. फुटलेल्या टोपलीच्या कामट्या चाकूने गुळगुळीत करून, एकाच मापाच्या २४ तुकड्यांचे ते सहा चौकोन बांधत. एका चौकोनाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याला जोडायचा, म्हणजे किती गाठी, असा प्रश्न मला दरवर्षी येई. चोवीस कोपरे, दोघांत एक गाठ, म्हणून बारा. चौकोन जोडले की त्यांच्यामध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होत, आणि कोणी न बांधता ते कुठून आले याचे मला दरवर्षी नव्याने नवल वाटे. पतंगाचा कागद चिकटवायला घरीच खळ शिजत असे, कणकेची, आणि झुरळांनी ती खाऊन कागद कुरतडू नये म्हणून तिच्यात चिमूटभर विषारी मोरचूद. त्या चिमटीने सगळी खळ फिकट निळी होई. काम संपले की उरलेल्या खळीची वाटी वडील अंगणात उपडी करायला निघत, आणि माय ती त्यांच्या हातातून काढून घेई. अंगणात कोंबड्या होत्या. उकिरड्यापलीकडे खुरप्याने वीतभर खड्डा करून ती खळ पुरत असे, वरून माती दाबत असे आणि वाटी राखेने तीनदा घासत असे. त्रिपुरी पौर्णिमेला कंदील उतरला की कागद चुलीत जाई आणि कामट्या संक्रांतीच्या पतंगांसाठी आढ्याला खोचल्या जात.

मायचा फोनवरचा प्रश्न मला त्या खळीच्या वाटीपाशी घेऊन गेला. शोभेची वस्तू पाहताना ती नंतर कोणाच्या तोंडी जाणार आहे हे तिला आधी दिसते. गायीच्या, कोंबडीच्या, चुलीच्या, नदीच्या. गावच्या ओट्यावर हे गृहीतच होते, कारण ओट्याला कठडा नव्हता आणि दारापुढून दिवसभर जनावरे येत-जात. सजावट ठेवून द्यायला घरात जागाही नव्हती. आमच्या घरात आता माळ्यावर सणांचा एक खोका आहे, पूर्वी मिक्सर आला होता तो. त्यात महात्मा फुले मार्केटातून वेगवेगळ्या वर्षी आणलेली कापडी तोरणे आहेत, घडीचा कंदील आहे, मेणाचा वास लागलेल्या पणत्या आहेत, आणि दिव्यांच्या तीन माळा आहेत, त्यांपैकी एक अर्धी लागते. हा खोका मला सोयीचा वाटतो, हे मी नाकारत नाही. शाळेची नोकरी आणि दिवाळीचा फराळ सांभाळून दहा मिनिटांत दार सजते. बाजरीचे तोरण करताना माझ्या मनात परंपरा वगैरे काही नव्हते. कॉलनीत सगळ्यांच्या दारावर तेच ते केशरी झेंडू होते आणि आपल्या दारावर वेगळे काही असावे, एवढाच हेतू होता. कोणी विचारले की मी मुद्दाम सहज आवाजात सांगत असे, घरीच केले. ते तोरण खाल्ले जाईल, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. नाहीतर मी नायलॉन लावलाच नसता, असे म्हणावेसे वाटते, पण तेल तापत होते हेही मला आठवते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्या बकरीचा शोध घेतला. आमच्या कॉलनीमागे रेल्वेरुळाच्या बाजूला काही पत्र्याची घरे आहेत, तिथल्या एका बाईच्या चार बकऱ्या आहेत हे मला दूधवाल्याकडून कळले. जाताना मी फराळाचा डबा घेतला, कारण रिकाम्या हाताने जाऊन तुमच्या बकरीचे पोट कसे आहे असे विचारणे मला जमले नसते. मला पाहताच बाई सावध झाल्या. तोरणाचे भांडण घेऊन आली, असेच त्यांना वाटले असावे, आणि मी काही बोलण्याआधीच त्यांनी बांधून ठेवते हो ताई, असे दोनदा सांगितले. करडी बकरी खाटेच्या पायाला बांधलेली होती आणि रवंथ करत होती. मी तिच्या डाव्या कुशीकडे बघत राहिले, फुगलेली वाटते का म्हणून, आणि ती फुगलेलीच होती. बाई म्हणाल्या, गाभण आहे, दोन महिन्यांत व्याईल.

मी नायलॉनचे सांगितले. सगळे सांगितले, वीतभर, पांढरा, बारीक. बाईंनी ते ऐकून घेतले आणि हात हलवून म्हणाल्या, हिने मागे पिशवी खाल्ली आहे, रबराची चप्पल खाल्ली आहे, तुमच्या दोऱ्याने काय होणार. रस्त्यावर चरणाऱ्या जनावरांच्या पोटातून काय काय निघते हे मी वाचलेले आहे, त्यामुळे या उत्तराने मला धीर आला असे म्हणता येणार नाही. फराळाचा डबा रिकामा करून देताना त्यांनी एक तक्रार मात्र केली. त्या दिवसापासून सोडली की ती थेट तुमच्याच फाटकाकडे पळते, आणि घरचा पाला तोंडाला लावत नाही, असे त्या म्हणाल्या. डबा हातात घेऊन मी परत आले तेव्हा फाटकाची कडी लावू की नको, हे मला ठरवता येईना.

पौषात तिला दोन पिले झाली, एक करडे आणि एक पांढऱ्या कानांचे. पिले झाल्याचे मी मायला कळवले. नायलॉनचे अजून सांगितलेले नाही. सांगितले तर ती रागावणार नाही, याची मला खात्री आहे. ती फक्त किती लांब होता ते विचारील.

यंदा भावाला बाजरी मिळाली नाही. धांडे मिळाले आहेत, वर हिरवट कणसे असलेले, आणि ते तोरणाला जाड पडतात, म्हणून दाराच्या दोन्ही अंगांना उभे करण्याचा विचार आहे. सोपट गेल्या वर्षी का तुटत होते ते मात्र मायनेच उन्हाळ्यात बोलता बोलता सांगितले. मी ते तासभर भिजवले होते. तिच्या मते ते रात्रभर पाण्यात बुडवून, सकाळी उभे चिरून, ओले असतानाच मांडीवर पीळ द्यावा लागतो, मग त्याने बैलही बांधता येतो. मोरीतल्या बादलीत काल रात्रीपासून सोपट भिजत आहे आणि त्यावर पाटा ठेवला आहे, कारण ते तरंगते. त्याच्या चिकाचे काळे डाग बादलीला पडले आहेत, आणि ते लिंबाने घासूनही निघत नाहीत असे यजमानांनी आताच आतून सांगितले आहे.